वाचल्याशिवाय कळत नाही

डिस्क उडाली असा फोन आला की मी आधी एवढंच सांगते, आता कशालाही हात लावू नका. मशीन चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. जुनी डिस्क काढून ठेवली असेल तर ती फेकू नका आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. पलीकडच्या माणसाला हे रुचत नाही. त्याला काहीतरी करायचं असतं, आणि इकडे मी फी घेऊन काही न करायला सांगत असते. पण पुण्यातल्या लहान कार्यालयांचे सर्व्हर इतकी वर्षं सांभाळल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. खराब सेक्टरमुळे डेटा गेलेला मी क्वचित पाहिला. खराब सेक्टर दिसल्यावर जी धावपळ होते, तिच्यात गेलेला मात्र पुष्कळदा.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे छापखाने, सीए मंडळींची ऑफिसं, आर्किटेक्ट, एखादं एक्स-रे सेंटर. रेडचं वेगळं कार्ड घेण्याची कुणाची तयारी नसते, आणि खरं तर गरजही नसते. लिनक्सच्या कर्नलमध्ये एमडी नावाचा भाग आहे. चार साध्या डिस्क लावायच्या, एमडीअ‍ॅडम या कमांडनं त्यांचा अ‍ॅरे बांधायचा, की झालं सॉफ्टवेअर रेड. मूळ कल्पना 1988 ची, बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांच्या पेपरातली. एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक घ्या, आणि त्यातली एखादी मरणार हे धरूनच चाला. रेड 5 मध्ये चार डिस्क असल्या तर प्रत्येक ओळीत तिघींवर मजकूर असतो आणि चौथीवर पॅरिटी, म्हणजे त्या तिघींचे बिट एक्स-ऑर करून आलेलं उत्तर. चौघींपैकी कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघींचं एक्स-ऑर केलं की गेलेलीवरचा मजकूर परत मिळतो.

कागदावर हे चोख आहे. अडचण अशी, की डिस्क सहसा एका झटक्यात मरत नाही. ती कुठेतरी चार किलोबाइट विसरते आणि बाकी अगदी ठणठणीत चालत राहते.

डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर, पूर्वी 512 बाइटचा आणि हल्ली 4096 बाइटचा, आपल्या मजकुरासोबत चूक सुधारण्याचा एक कोड बाळगतो. वाचताना दोन-चार बिट चुकले तर डिस्क ते मुकाट दुरुस्त करते, आपल्याला पत्ताही लागत नाही. चूक त्या कोडाच्या आवाक्याबाहेर गेली की डिस्क पुन्हा पुन्हा वाचून बघते, आणि शेवटी हात टेकून ‘वाचता येत नाही’ असं कळवते. त्या वेळी ती सेक्टर बदलत नाही, कारण आतला मजकूर तिच्याकडे नाहीच, मग राखीव जागेत हलवणार काय? ती त्याची नोंद ‘पेंडिंग’ म्हणून ठेवते. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्या स्मार्टच्या तक्त्यात 197 क्रमांकावर हा आकडा दिसतो. त्या जागी कुणी नवं काही लिहिलं, की तेव्हा डिस्क तपासते. जागा चांगली निघाली तर तीच वापरते, वाईट निघाली तर राखीव सेक्टर देते आणि 5 क्रमांकाचा आकडा वाढतो.

एमडीला हे माहीत आहे. वाचण्यात चूक आली, की तो बाकीच्या डिस्कांवरून तो तुकडा काढतो, मागणाऱ्याला देतो, आणि तोच तुकडा चुकलेल्या जागी परत लिहितो. लिहिल्यामुळे डिस्कला सेक्टर बदलण्याची संधी मिळते. लॉगमध्ये ‘रीड एरर करेक्टेड’ अशी एक ओळ उमटते आणि विषय संपतो. 2006 च्या सुमारापर्यंत असं नव्हतं. तेव्हा एक चूक झाली की डिस्क थेट अ‍ॅरेबाहेर जायची. त्या काळात शिकलेली पुष्कळ माणसं अजूनही एक चूक दिसली की डिस्क काढायला धावतात, यात त्यांचा दोष कमी आणि जुन्या सवयीचा जास्त.

आता त्या छापखान्याचं सांगते. नारायण पेठेतली प्रेस, मालकांना सगळे अण्णा म्हणतात. काम मुख्यतः दिवाळी अंकांचं, कॅलेंडरांचं, लग्नपत्रिकांचं. सर्व्हरमध्ये दोन टीबीच्या चार डिस्क, रेड 5, वापरायला सहा टीबी. हा अ‍ॅरे 2012 साली बांधलेला. आदल्या वर्षी थायलंडमध्ये पूर आले, तिथले डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि आपल्याकडेही भाव भडकले. अण्णांच्या कॉम्प्युटरवाल्यानं तेव्हा परवडतील त्या घरगुती वापराच्या डिस्क घेतल्या, चारही एकाच दुकानातून, एकाच खेपेतल्या. त्या परिस्थितीत मीही फार वेगळं सांगितलं नसतं.

काही वर्षं सुरळीत गेली. मग एका सप्टेंबरात, म्हणजे दिवाळी अंकांच्या ऐन धामधुमीत, तिसरी डिस्क अ‍ॅरेतून बाहेर फेकली गेली. कॉम्प्युटरवाल्यानं कुणीही करेल तेच केलं. जुनी काढली, नवी लावली, रीबिल्ड सुरू केलं. रीबिल्ड अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पहिल्या डिस्कवर वाचण्यात चूक आली. तिसरी नाही, पहिलीचा तो तुकडा मिळत नाही, म्हणजे काढायला काही उरलंच नाही. एमडीनं पहिलीही बाहेर काढली आणि अख्खा अ‍ॅरे बसला. सहा टीबी एकदम गायब.

मी पोचले तेव्हा तो कॉम्प्युटरवाला पोरगा नवा अ‍ॅरे बांधायच्या तयारीत होता. त्याच चार डिस्क, तोच क्रम, ‘क्रिएट’ची कमांड टाइप करून ठेवलेली, फक्त एंटर मारायचं बाकी. असं केलं की जुना डेटा परत दिसतो, हे त्यानं कुठेतरी वाचलं होतं. कधी दिसतोही. पण 2012 च्या आवृत्तीनं अ‍ॅरे बांधताना डेटा डिस्कवर कितव्या सेक्टरपासून सुरू केला आणि आजची आवृत्ती कितव्यापासून करेल, याची खात्री नसते. मधल्या काळात डीफॉल्ट बदललेले आहेत. चंकचा, म्हणजे एका डिस्कवर सलग जाणाऱ्या तुकड्याचा, आकारसुद्धा एकेकाळी 64 किलोबाइट होता, नंतर 512 झाला. ‘क्रिएट’ जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितं, आणि त्या जुन्या नोंदीच तर आपला एकमेव नकाशा असतात. मी त्याला म्हटलं, “बाळा, आधी जुन्या-नव्या सगळ्या डिस्कांचं एक्झामिन करून फाइलीत ठेव, मग बघू.” त्यानं ते केलं. हुशार पोरगा होता, हात मात्र फार चपळ.

त्या नोंदींत प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट असतो आणि शेवटची नोंद कधी झाली ती वेळ. पहिली, दुसरी आणि चौथी जवळजवळ एकाच आकड्यावर होत्या. काढून ठेवलेली तिसरी बरीच मागे. नव्या डिस्कवर अर्धवट रीबिल्ड. म्हणजे डेटा कुठे गेला नव्हता. पहिली, दुसरी, चौथी या तिघींवर तो पूर्ण होता, पहिलीवरचा एक ठिपका सोडून.

“पण मग तिसरी खराब झाली तेव्हा पहिली चांगली होती ना?” अण्णांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की चांगली नव्हती, पण तिला तिथे कुणी विचारलंच नव्हतं. पहिलीवरचा तो सेक्टर किती दिवसांपूर्वी बिघडला, एक महिना की दोन वर्षं, हे सांगायला कुणीच नव्हतं. रोजच्या कामात प्रेसमध्ये चालू अंकाच्या फायली उघडतात, गेल्या वर्षीच्या क्वचित, त्याआधीच्या जवळजवळ कधीच नाही. कणगीच्या तळाच्या जोंधळ्याला पोरकिडा लागलेला वरून काढून घेणाऱ्याला दिसत नाही, तसं हे. रीबिल्ड हा असा एकच प्रसंग, की ज्यात उरलेल्या डिस्कांचा प्रत्येक सेक्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावाच लागतो. सगळं वाचायचं काम नेमकं आधार नसतानाच्या वेळी येतं.

“बॅकअप तर रोज होतो,” अण्णा म्हणाले. होत होता, आरसिंकनं, यूएसबीच्या डिस्कवर. पण आरसिंक फाइलीचा आकार आणि तारीख जुळली की पुढे जातो, आतला मजकूर वाचत नाही. जुन्या फायली पहिल्या दिवशी एकदा वाचल्या गेल्या, त्यानंतर बॅकअपनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. शिवाय यूएसबीची डिस्क भरत आल्यावर कुणीतरी त्यातले जुने अंक पुसून जागा केली होती. कारण काय, तर ‘ते सर्व्हरवर आहेतच की’.

या न वाचलेल्या जागेवर उपाय आहे आणि तो फुकट आहे. एमडीच्या सिंक-अ‍ॅक्शन नावाच्या फाइलीत ‘चेक’ एवढा शब्द लिहिला, की तो सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतो आणि जिथे वाचता येत नाही तिथे बाकीच्यांवरून काढून परत लिहितो. चारही डिस्क जागेवर असताना हे झालं तर पहिलीचा तो ठिपका एका ओळीच्या लॉगवर निभावला असता. डेबियनमध्ये तर हे सांगावंही लागत नाही. त्या वेळच्या आवृत्तीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर 12 वाजून 57 मिनिटांनी ते आपोआप सुरू व्हायचं. मग प्रेसमध्ये का झालं नाही? मी लॉग चाळले. कधीच झालं नव्हतं. एकदाही नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. प्रेस रात्री आठला बंद होते आणि निघताना शेवटचा माणूस मेन स्विच खाली ओढतो. कागदाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, शाई, केरोसीन, जुनं वायरिंग. आगीच्या भीतीनं ही शिस्त अण्णांच्या वडलांपासूनची, आणि ती चूक आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण रविवारी मध्यरात्री ते मशीन कधी चालूच नसायचं, आणि हुकलेलं काम सकाळी आठवणीनं करावं अशी, ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनची पद्धत नाही. ज्यानं कोणी ती वेळ ठरवली, त्याच्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस चालणारं डेटा सेंटर असणार. नारायण पेठ नक्कीच नसणार.

वीज रोज बंद होण्याचा आणखी एक धागा तिसऱ्या डिस्ककडे जातो. ती मुळात बाहेर का पडली? लॉगमध्ये तिच्या नावापुढे ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ अशा ओळींची रांग होती. हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की आता तक्ता बघण्याआधीच तोंडातून निघतं, टायमाउट. घरगुती डिस्क वाचता न येणाऱ्या सेक्टरवर हट्टानं अडून बसते, मिनिट, दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. ते समजण्यासारखं आहे, घरच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी प्रत नसते, तेव्हा जिवाच्या आकांतानं प्रयत्न केलेलाच बरा. पण लिनक्सचं कर्नल एका डिस्कसाठी 30 सेकंद थांबतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ते लिंक रीसेट करतं. डिस्क अजून त्या सेक्टरमध्येच गुंतलेली, ती रीसेटलाही दाद देत नाही. मग एमडी तिकडे दुरुस्तीचा तुकडा लिहायला जातो तर लिहिणंही फसतं. वाचण्याची चूक एमडी पोटात घालतो, लिहिण्याची घालत नाही. डिस्क बाहेर.

रेडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्क अशा वेळी साधारण सात सेकंदांत हात वर करतात आणि बाकीचं रेडवर सोपवतात. ही मर्यादा स्मार्टसीटीएल या कमांडनं ठरवता येते. अनेक घरगुती डिस्कमध्येही पूर्वी ती सोय होती, पुढे कित्येकांतून ती काढून टाकण्यात आली. अण्णांच्या चारांपैकी एकीतही नव्हती. तिथे मार्ग उलटा, डिस्कला घाई करता येत नसेल तर कर्नलला धीर धरायला लावायचा. 30 ची मर्यादा 180 करायची. यात एक मेख आहे. सात सेकंदांची आज्ञा असो की 180 ची, वीज गेली की दोन्ही पुसल्या जातात. रोज रात्री मेन स्विच ओढणाऱ्या जागी ती रोज सकाळी मशीन सुरू होताना नव्यानं द्यावी लागते, नाहीतर एक दिवसापुरतं समाधान.

म्हणजे तिसरी डिस्क मेली नव्हतीच. तिचेही काही सेक्टर पेंडिंग होते, एवढंच. सुदैवानं ती फेकली गेली नव्हती. सकाळच्या पेपरात गुंडाळून ड्रॉवरमध्ये, रबरी शिक्क्यांच्या शेजारी ठेवलेली होती.

दुरुस्तीचा क्रम तसा साधा, पण त्यात वेळ जातो आणि तो वेळ लोकांना सोसत नाही. बुधवार पेठेतून आणखी एक दोन टीबीची डिस्क आणली. पहिलीची प्रत तिच्यावर जीएनयू डीडीरेस्क्यूनं काढायला लावली. अँतोनियो दियाझ दियाझ यांचं हे साधन मला फार आवडतं, कारण ते आधी सोपं तेवढं उचलतं आणि अडलेल्या जागा शेवटी ठेवतं. शिवाय एका नकाशा-फाइलीत कुठे काय झालं ते लिहीत जातं, म्हणून मध्येच वीज गेली तरी थांबल्या जागेपासून पुढे. साधं कॉपी करणारं साधन पहिल्याच खड्ड्यात अडकतं आणि आजारी डिस्कला नको तितकं घासत बसतं. पाच-एक तास गेले. अण्णा मधूनमधून येऊन विचारत, “मॅडम, किती राहिलं?” आणि मी टक्के सांगायचे. शेवटी नकाशात एकच ओळ उरली: 4096 बाइट, वाचता आले नाहीत. स्मार्टच्या तक्त्यात पेंडिंग 8. डिस्क बाहेरच्या जगाला 512 बाइटचे सेक्टर दाखवते पण आतून 4096 चे वापरते, म्हणून एक खरा सेक्टर गेला की आकडा आठनं चढतो. हा आठ पाहून घाबरणारेही भेटतात.

प्रत, दुसरी आणि चौथी अशा तिघींवर अ‍ॅरे फक्त वाचण्यापुरता उभा केला. फायली दिसल्या. ऑपरेटर मुलांनी खालून चहा मागवला. आता प्रश्न त्या चार किलोबाइटचा. ती जागा अ‍ॅरेच्या हिशेबात कुठे पडते ते काढलं, मग डीबगएफएसला विचारलं की हा ब्लॉक कुठल्या फाइलीचा. उत्तर आलं, एका जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, टिफ फाइल. उघडून पाहिली. चित्रात एक आडवी पांढरी रेघ होती, एक पिक्सेल जाडीची. सीएमवायकेमध्ये एका पिक्सेलला चार बाइट, म्हणून 4096 बाइट म्हणजे 1024 पिक्सेल. 300 डीपीआयला कागदावर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि केसाएवढी जाड. प्रतीमध्ये त्या जागी शून्यं होती, आणि शून्य म्हणजे शाई नाही, म्हणून पांढरी.

अण्णा स्क्रीनच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर सारला. “एवढ्यासाठी सगळं बंद पडलं?”

एवढ्यासाठीच. आणि खरं तर ती रेघ तशीच राहिली असती तरी चाललं असतं, फोटोशॉपमध्ये मिनिटाभरात मिटवता आली असती. पण ड्रॉवरमधली तिसरी डिस्क मला स्वस्थ बसू देईना. बाहेर काढली गेली तेव्हापासून ती मागे राहिली होती हे खरं. पण हा अंक त्याच्या कितीतरी आधीचा होता आणि त्यानंतर कुणी त्या फाइलीला हात लावला नव्हता. चंक 512 किलोबाइटचा आणि फाइल त्याच्या कितीतरी पट मोठी, म्हणून त्या ओळीतले तिन्ही मजकुराचे तुकडे याच चित्राचे होते, म्हणजे पॅरिटीही बदललेली नसणार. तेव्हा त्या एका ओळीपुरती तिसरी डिस्क जुनी नव्हतीच. चारही डिस्कांचे भाग एकसारखे पाडलेले असल्यानं जागा तीच होती. दुसरी, तिसरी आणि चौथीवरून ते 4096 बाइट वाचले. तिसरीनं ते कुरकुर न करता दिले. मग पायथनच्या चार ओळींत तिघांचं एक्स-ऑर केलं, आलेलं उत्तर पहिलीच्या प्रतीवर त्या जागी लिहिलं. फाइल पुन्हा उघडली. रेघ नाही. तो पोरगा म्हणाला, “ताई, हेच काम रेड करतं ना?” हेच. फक्त त्याला हवी असलेली डिस्क त्या वेळी ड्रॉवरमध्ये होती.

हे सगळं झाल्यावर मला कोणी विचारलं की रेड 5 आता वापरावं का, तर मी हल्ली नाही म्हणते. पण कारणं देताना लोक जे गणित मांडतात त्याच्याशी माझं जमत नाही. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की 1 वर 14 शून्यं इतके बिट वाचले तर एखादी न सुधारता येणारी चूक येऊ शकते. तेवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. चार दोन-टीबी डिस्कांच्या रीबिल्डला सहा टीबी वाचावे लागतात, म्हणून जवळजवळ चाळीस टक्के वेळा रीबिल्ड फसणार, असा हिशेब. 2007 साली रॉबिन हॅरिस यांनी याच धर्तीवर लिहिलं होतं, की 2009 पर्यंत रेड 5 निकामी होईल. प्रत्यक्षात चेक नेमानं चालणाऱ्या अ‍ॅरेचं रीबिल्ड मी इतक्या वेळा फसताना पाहिलेलं नाही, त्याच्या जवळपासही नाही. ते आकडे डिस्क बनवणाऱ्यानं हात राखून दिलेली मर्यादा असतात, आणि चुका अशा फाशाच्या दानासारख्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत. त्याच 2007 साली नेटअ‍ॅपच्या 15 लाखांहून अधिक डिस्कांचा 32 महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 3.45 टक्के डिस्कांवर असे दडलेले खराब सेक्टर सापडले, आणि ज्या डिस्कवर एक आला तिच्यावर जवळपास आणखी येण्याची शक्यता मोठी होती. म्हणजे बहुतेक डिस्क स्वच्छ, आणि थोड्या डिस्क घाणीनं भरलेल्या. सरासरीवर घाबरण्यात अर्थ नाही, त्या थोड्या कोणत्या ते शोधण्यात आहे.

कधी कधी तर डिस्क गुन्हेगारच नसते. एका एक्स-रे सेंटरमध्ये दर काही महिन्यांनी एक डिस्क बाहेर पडायची, ते नवी लावायचे. काढलेल्या सगळ्या जपून ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. एकीवरही पेंडिंग नाही, 5 क्रमांकावर शून्य, पण 199 क्रमांकाचा आकडा शेकड्यांत. तो केबलवरच्या चुकांचा. बाहेर पडणारी डिस्क नेहमी एकाच खणातली होती. साटाची केबल बदलली, आणि सेंटरवाल्यांकडे चांगल्या डिस्कांचा एक ढीग तयार.

एमडीच्या एका सोयीवर मात्र माझा राग आहे, ती म्हणजे खराब ब्लॉकांची यादी. 2011 च्या 3.1 कर्नलपासून एमडी अशा जागांची स्वतःची यादी ठेवू शकतो, म्हणजे एका सेक्टरसाठी डिस्क बाहेर काढावी लागत नाही. अण्णांचा अ‍ॅरे बांधताना ही यादी ठेवली गेली नव्हती. असती तर रीबिल्ड थांबलं नसतं, पूर्ण झालं असतं, हे मला मान्य आहे. पण त्या ओळीपुरती नव्याकोऱ्या डिस्कवरही ‘खराब’ अशी नोंद झाली असती, आणि सगळं हिरवं दिसत असताना मुखपृष्ठाची ती फाइल उघडत नाही हे कधीतरी पुढच्या दिवाळीत कळलं असतं. जे बिघडलं ते मोठ्यानं ओरडलेलं मला परवडतं. यादी रिकामी असेल तर ती बंद करता येते, आणि मी नवा अ‍ॅरे हाती घेतला की पहिल्यांदा तेच करते. माझे काही समव्यवसायी याला हट्टीपणा म्हणतात.

अण्णांकडे आता काय आहे? रेड 6, दोन पॅरिटीचं, डिस्क दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या. जुन्यांपैकी फक्त चौथी ठेवली. चेक रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत थोडा थोडा पुढे सरकतो. कुठवर आला ती जागा लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी तिथून पुढे, म्हणजे मेन स्विचच्या शिस्तीला धक्का नाही. सकाळी मशीन उठलं की आधी टायमाउटची आज्ञा जाते. मशीनच्या इशाऱ्यांची मेल पूर्वी त्याच मशीनवरच्या रूटच्या पेटीत पडायची, तिथे काही वर्षांचा ढीग साचला होता आणि त्यातली पहिली मेल तिसरी डिस्क बाहेर पडल्याचीही नव्हती, त्याच्याही आधीच्या एका रीसेटची होती. आता ती माझ्या फोनवर येते. डिस्क बदलायची झाली तर जुनी न काढता नवी शेजारी लावून ‘रीप्लेस’ करायचं असं त्या पोराला शिकवलं आहे. त्यात जुनी शेवटपर्यंत अ‍ॅरेतच राहते आणि तिला जे वाचता येत नाही तेवढंच बाकीच्यांकडून घेतलं जातं. खणाची एक जागा कायम रिकामी ठेवली आहे ती त्यासाठी, आणि अण्णांना ती रिकामी जागा अजून खुपते.

पहिल्या डिस्कचं काय करायचं हा वाद राहिला. मी तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली. पेंडिंग 8 चं 0 झालं, बदललेल्या सेक्टरांचा आकडाही 0 च, लांबलचक चाचणीही पास. म्हणजे ती जागा मुळात खराब नव्हती, कधीतरी लिहिताना काहीतरी अर्धवट राहिलं असणार. रोजचा तो मेन स्विच आठवला, पण सिद्ध करता येत नाही. “मग चांगली आहे की,” अण्णा म्हणाले, “लावा परत.” गूगलच्या एक लाखाहून अधिक डिस्कांच्या 2007 च्या अभ्यासात, तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत मरण्याची शक्यता इतरांच्या 39 पट दिसली होती, हे मी त्यांना सांगितलं. त्याच अभ्यासात मेलेल्यांपैकी 36 टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान सोडलं तर, स्मार्टमध्ये एकही इशारा दिला नव्हता, हेही सांगितलं. अण्णांनी दोन्ही आकडे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.” ती डिस्क आता लग्नपत्रिकांच्या तात्पुरत्या फायलींसाठी वेगळ्या मशीनमध्ये आहे, आणि अजून चालते.

मध्यंतरी एका दुपारी फोनवर मेल आली. चौथ्या डिस्कवर वाचण्यात चूक, दुरुस्त केली, आठ सेक्टर. प्रेसमध्ये कुणाला काही कळलं नव्हतं. एका ऑपरेटरची तेवढी तक्रार होती, की जेवणाच्या सुट्टीत गाणी अडकतात. चौथीच्या तक्त्यात पेंडिंग परत शून्यावर आलं होतं, पण 5 क्रमांकावर आता शून्य राहिलेलं नाही. आकडा तिथेच थांबला तर तिला राहू देणार, चढला तर रिकाम्या खणात नवी लागेल. नवी डिस्क मागवून ठेवा असं अण्णांना कळवलं आहे. ते म्हणाले, दिवाळी अंकांचे पैसे आले की बघू.